दुसऱ्या धक्क्याचं घर

१२ नोव्हेंबर

उभं आहे.

काल दुपारी जमीन हलली तेव्हा मी शहरातल्या तंत्रशाळेत मुलांपुढे बोलत होतो. विषय माझा नेहमीचाच: पहिल्या धक्क्यात वाचलेली घरं दुसऱ्या धक्क्यात का पडतात. फळा भिंतीवरून सुटून माझ्या पायाशी आला आणि टेबलाखालून एकजण म्हणाला, "सर, प्रात्यक्षिकपण आजच आहे का?" सगळे हसले. मग बराच वेळ कुणी हसलं नाही.

रस्ता खचलेला. थोडं चालत, थोडं एका दूधवाल्याच्या टेम्पोतून, आज सकाळी कुमेबारूच्या वळणावर पोचलो. तिथून गावातलं पहिलं काही दिसतं ते मी बांधलेल्या सभागृहाचं छप्पर. त्याची कड आखून काढल्यासारखी सरळ होती. तसाच धावत गेलो. प्रत्येक खांबाला हात लावला, तिरप्या आधारांचे सांधे एकेक करून पाहिले. एकही फाटलेला नाही. डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू?

वळून बघतो तर मागे माझी बायको सेत्सुयो उभी, आपल्या आईचा हात धरून.

"आम्हीपण उभ्या आहोत बरं का," ती म्हणाली.

आवाज चिरका लागला तिचा. रात्रभर झोप नसणार.

राहतं घर मात्र हातचं गेलं. सासूबाईंच्या सासऱ्यांनी बांधलेलं, जड कौलांचं घर. दर्शनी खांब कुशीवर वळल्यासारखा झुकलाय. 'धोका, आत जाऊ नये' हा लाल कागद दाराला मीच चिकटवला. उद्यापासून गावभर मला हेच करायचंय: घर तपासायचं आणि लाल, पिवळा किंवा हिरवा कागद लावायचा. सासूबाई कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, निदान सरळ तरी लावा."

१३ नोव्हेंबर

संताप आवरत नाही म्हणून लिहितो.

गाव सभागृहात नाही. गाव सभागृहासमोरच्या वाहनतळावर आहे, आपापल्या गाड्यांत. काचांना टॉवेल लावून, गुडघे पोटाशी घेऊन माणसं बसून झोपतात. आणि समोर, हाकेच्या अंतरावर, या जिल्ह्यातली सर्वांत भरवशाची इमारत रिकामी उभी आहे!

वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष हिगाशिदा यांनी सांगितलं ते असं. पहिल्या संध्याकाळी सगळे आतच होते. लव्हाळ्याच्या नव्या कोऱ्या तातामी चटयांवर पांघरुणं पसरली, भाताचे गोळे वाटले. मग मागाहूनचा पहिला मोठा धक्का आला. दिवे गेले, सांधे कण्हले आणि सगळा लोंढा दाराशी. दारात अशी रेटारेटी झाली की विचारू नका. बरेचजण नुसत्या मोज्यांवर बाहेरच्या खडीत उभे राहिले. न्हावीणबाईंचा तळवा काचेनं कापला. त्यानंतर कुणी आत गेलं नाही.

"आवाजाला घाबरले," हिगाशिदा म्हणाले. "कुराकाकेसाहेब, तुमचं घर कण्हतं हो."

"कण्हायलाच बांधलंय ते!" मी म्हणालो. "जे घर आवाज करत नाही ते आतल्या आत मोडतं."

"हे तुम्ही मला सांगून काय उपयोग? मी आतच आहे." खरंच, हिगाशिदा तेवढे आत होते. बूट काढून आत चढतात त्या खोलगट दारापाशी गुडघ्यांवर बसून, रेटारेटीत विखुरलेल्या बूट-चपलांच्या जोड्या जुळवून कपाटात लावत होते. टाचा आत, टोकं बाहेर. चटया त्यांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या शेतातल्या लव्हाळ्याच्या आहेत. दिवसातून तीनदा पुसतात.

१४ नोव्हेंबर

काल रागात मुद्दा लिहायचा राहिला.

कायदा म्हणतो, मोठा धक्का आला तर इमारत वाकली तरी चालेल, चिरफळली तरी चालेल, आतली माणसं जगली पाहिजेत. चांगला कायदा आहे. माणुसकीचा आहे. पण तो एका धक्क्यापुरता बोलतो. वाकलेल्या, चिरफळलेल्या त्या इमारतीवर दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच घाव बसला तर काय, यावर कायदा गप्प. भूकंप आमच्या सोयीनं एकदाच येतो हे कुणी ठरवलं? कुमामोतोच्या भूकंपात लोक पहिल्या धक्क्यानंतर घरी परतले आणि दुसऱ्यानं त्यांना गाठलं. हे मी वर्षानुवर्षं सभांतून ओरडून सांगतोय.

सभागृहाचा प्रत्येक तिरपा आधार मी मधोमध तोडलाय आणि दोन तुकडे पोलादी पट्ट्यांत पकडून बोल्टांनी आवळलेत. जमीन हलली की लाकूड त्या पकडीत घासत सरकतं, धक्क्याचा जोर त्या घासण्यात खर्च होतो, लाकूड तुटत नाही. कण्हणं ते एवढंच. मग पाना घेऊन बोल्ट पुन्हा आवळायचे आणि घर दुसऱ्या धक्क्याला कोऱ्यासारखं तयार. दहाव्यालाही.

आज दिवसभर कागद लावले. लाल जास्त. एका म्हाताऱ्यानं हिरवा कागद मागून घेतला, पिवळा नको म्हणाला. देता आला नाही. संध्याकाळी पाय दगडाचे झाले होते. तरीही गाड्यांपाशी जाऊन सांध्यांचं सगळं समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं. न्हावीणबाई पाय वर धरून बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "आणि ते चपलांचं कपाट? तेपण राहील का उभं?"

पिकली चहूकडे खसखस. मी म्हणालो, "भिंतीला बोल्ट मारलेत." थट्टा कळते मला. पण थट्टेवर रागावून चळवळ चालत नाही.

मी स्वतः सभागृहातच झोपतो. उदाहरण घालून द्यावं लागतं.

१५ नोव्हेंबर

लाजेची गोष्ट. माझी बायको आणि सासू, दोघी आमच्या त्या डबीएवढ्या गाडीत झोपतात. गाव बघतंय. बांधणाऱ्याच्याच घरचे बाहेर, मग इतरांनी काय समजावं?

सासूबाईंशी बोलायला गेलो. पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर लोणच्याची बरणी, पायांत कापडी बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. घरातून निघताना त्यांनी एवढंच उचललं: बूट आणि बरणी.

"आई, आत चला. आत पाय लांब करून झोपता येईल."

"इथं बरं आहे."

"घर पडणार नाही. माझा शब्द."

"ते पडणार असं कोण म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "छान बांधलंय. चटयापण छान आहेत. खाता का लोणचं?"

असा माणूस वादात सापडत नाही. विरोध करील तर उत्तर देता येतं, कौतुक करणाऱ्याचं काय करावं?

सेत्सुयो म्हणाली, "झोपतानासुद्धा बूट काढत नाही ती. पाय सुजलेत, नाडी सैल कर म्हटलं तर हात झटकते." मी म्हणालो की म्हातारपणात मन असं कशाला तरी धरून बसतं. सेत्सुयो माझ्या बुटांकडे बघत होती. चिखल फार झालाय खरा.

१७ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही. धक्क्यांमागून धक्के, बोल्ट आवळता आवळता मनगट भरून आलं.

जिल्ह्याकडून इसायामा नावाच्या नर्सबाई आल्यात. ठेंगण्या, आवाज खणखणीत. गाडीमागून गाडी, दार उघडायला लावून पोटऱ्या मोजतात, घट्ट मोजे वाटतात. सासूबाईंची डावी पोटरी उजवीपेक्षा बरीच जाड भरली. फिरत्या डॉक्टरांनी यंत्र लावून पाहिलं. रक्ताची गाठ अजून नाही, पण रक्त साचायला लागलंय.

नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं. "जावई ना तुम्ही? ऐका. पाय दुमडून बसल्या बसल्या झोपायचं, संडासाला जावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. याच्यानं गाठ होते. मग एका सकाळी माणूस गाडीतून उतरतो, गाठ फुप्फुसात जाते आणि तो जागीच बसतो. डोंगरापलीकडच्या गावात काल एक बाई गेली अशी. भूकंपात खरचटलंसुद्धा नव्हतं."

"आमच्या सासूबाईंचं काय करायचं?"

"आडवं करायचं. आज. पाय लांब, पाणी भरपूर, दर थोड्या वेळानं चालणं. एवढी मोठी बिल्डिंग समोर आहे, ती काय शोभेला आहे का?"

मला हे ऐकवतायत! मला!

१८ नोव्हेंबर

आज बोललो. हिगाशिदांकडून भोंगा घेतला आणि वाहनतळाच्या मधोमध, भाजीच्या खोक्यावर उभा राहिलो. इतकं बरं मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. म्हणालो, "आपल्या सुतारांनी तेराशे वर्षांपूर्वी पाचमजली मनोरे उभे केले. ते आजही उभे आहेत, कारण ते डोलतात. डोलणं म्हणजे दुबळेपणा नव्हे! जे ताठ राहिलं ते मोडलं, दगडाचं असो की राज्याचं. मंडळी, भीती आपली शत्रू नाही. भीतीनं आपल्याला जगवलंय. पण भीतीनं चुकीच्या घराकडे बोट दाखवलं तर तीच भीती आपल्याला मारील. या वाहनतळावर आज मरण बसलंय, आणि ते छपरातून पडणार नाही, ते तुमच्या पोटऱ्यांतून वर चढतंय!"

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. सासूबाईंनीसुद्धा काच खाली करून टाळ्या वाजवल्या.

मग सगळ्यांनी काचा वर केल्या.

मी खोक्यावरच बसलो. हिगाशिदा चहाची बाटली घेऊन आले. "भाषण चांगलं झालं," म्हणाले. "मनोऱ्यांचं तर फारच. मनोऱ्यात कुणी झोपतं का हो पण?"

कुणाला काही सांगावं असं वाटत नाही. माणसं शिकत नाहीत. आयुष्य पुस्तकं वाचण्यात, लाकडाला बोलतं करण्यात घालवलं, आणि एका म्हातारीला वीस पावलं चालवता येत नाही.

१९ नोव्हेंबर

सासूबाई आज उतरताना लंगडल्या. नर्सबाईंनी पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी सेत्सुयोवर चिडलो. नळाच्या रांगेत, चारचौघांत. म्हणालो, "तुझी आई आहे. उचलून आत ने. तूच बाहेर झोपतेस म्हणून ती बाहेर आहे."

तिनं आधी भांडं भरून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही कुठं झोपता?"

"सभागृहात. गावात मी आणि हिगाशिदा, दोघंच."

"सभागृहात कुठं?"

"दारात."

"दारात म्हणजे चटईवर?"

"नाही, खाली. काँक्रीटवर. सांधे ऐकावे लागतात."

"सांधे तर चारी भिंतींत आहेत ना? दारातच कसे ऐकू येतात?"

मी टपकणारा नळ आवळून बंद केला.

"आणि पायांत काय असतं झोपताना?"

"बूट. धक्का आला की तपासायला उठावं लागतं, काचा असतात, अंधार..."

"हं," ती म्हणाली. "आईलाही उठावं लागतं."

भांडं उचलून ती गेली. रांगेतली मागची बाई फार लक्ष देऊन नळाकडे बघत होती.

नंतर गाडीपाशी मी विचारलं, "मग कुणी बोललं का नाही?"

"काय बोलायचं? हिगाशिदा तिथं गुडघ्यांवर बसून चटया पुसतायत. त्यांच्या तोंडावर म्हणायचं, आम्हाला तुमच्या तातामीवर बूट घालून झोपायचंय? त्यापेक्षा माणूस गाडीत मरेल."

मरेल नव्हे, मरतोय.

दुपारी बसून विचार केला. मी सांध्याला किती घासावं हे ठरवलं, छपराचं वजन ठरवलं, बोल्ट कुठल्या पान्यानं फिरावेत तेही ठरवलं. माणूस अंधारात जागा होतो, त्याचे पाय उघडे आहेत, आणि त्याच्या आणि त्याच्या बुटांच्या मध्ये सगळं गाव आडवं आहे, हे कुठल्याच गणितात नव्हतं. आता गणित पूर्ण झालं. उपाय सोपा आहे. मी सासूबाईंकडे गेलो.

"आई, बुटांसकट आत चला. मी परवानगी देतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही अचकट विचकट बोललो.

"जावईबापू, तुम्ही एवढे शिकलेले. चटईवर पादत्राणं घालून कोण चढतं माहीत आहे का तुम्हाला?"

"कोण?"

"तिरडी न्यायला आलेली माणसं. आमच्याकडे प्रेत उचलणारे चटईवरच गवती चपला घालायचे आणि तसेच उतरायचे. माझ्या सासूला तसं नेलंय, सासऱ्यांना नेलंय. मी मेले की खुशाल घाला बूट आणि या."

आणि काच वर केली.

२० नोव्हेंबर

सकाळी हिगाशिदांना म्हणालो, चटया काढायच्या. चटई नसली की ती नुसती फळ्यांची जमीन, अंगणासारखी. तिथं बूट चालतात. शकुन-अपशकुन चटईला आहे, फळीला नाही.

ते चटई पुसायचे थांबले.

"या चटया घरोघरी विणल्यात," ते म्हणाले. "आधीच लव्हाळं लावणारी आम्ही चार घरं उरलोय. अजून वास गेला नाही त्यांचा. आणि तुम्ही त्या काढून लोकांना जनावरांसारखं फळ्यांवर निजवणार? बुटांसकट?"

"हो."

"माझ्या डोळ्यांदेखत नाही."

"मग डोळे मिटा."

"मिटतो! माझं घर पडलं, गोठा पडला, एवढी एक नीटनेटकी जागा राहिली होती गावात." आवाज फुटला त्यांचा. हातातलं फडकं त्यांनी घडी करून कठड्यावर ठेवलं आणि निघून गेले.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त बसायचं होतं. गाडीतून पहार आणली आणि पहिल्या चटईच्या फटीत घातली. चटई हलेना. पुन्हा जोर लावला तर कापडी किनार उसवली. तिसऱ्यांदा टाच मारणार तोच मागून ओरड आली, "पहारीनं? अहो, पहारीनं? तुम्ही माणूस आहात की कोण!"

हिगाशिदा परत आले होते, हातात चटई उचलायचा आकडा. मला कोपरानं बाजूला सारलं, कोपऱ्यात आकडा टोचला आणि चटई पापुद्र्यासारखी वर आली. "एक कड फाडलीत. सेत्सुयोबाई, यांना बाहेर घेऊन जा, यांची इथं गरज नाही." सेत्सुयो म्हणाली, "त्यांना सवय नाही हो, त्यांना उभंच करता येतं, उचलता येत नाही." न्हावीणबाई लंगडत आल्या, गाड्यांतून आणखी बायका उतरल्या. दोघी दोघींनी एकेक चटई धरून मागच्या भिंतीला लावली. कुणी विचारलं नाही की हे कशासाठी. त्यांना आधीच माहीत होतं असं वाटलं.

मीही उचलल्या. पाठ मोडली. फळ्या उघड्या पडल्यावर सभागृह फार ओकंबोकं दिसायला लागलं. हिगाशिदांनी ते पाहिलं. बाहेर गेले, आपले गमबूट घालून आले आणि दारातून थेट मधोमध चालत गेले. ठक, ठक, ठक. प्रत्येक पावलाला त्यांच्या तोंडावर काहीतरी होत होतं. मध्ये थांबून ते सगळ्यांकडे वळले.

"या," म्हणाले. "इथं पायपुसणंही नाही आता."

सासूबाई सगळ्यांत शेवटी आल्या. नर्सबाई एका बाजूला, सेत्सुयो दुसऱ्या. उंबऱ्याशी थबकल्या. सवयीनं वाकल्या, नाडीला हात घातला, मग तसाच काढून घेतला. बूट घालून आत आल्या. खिडकीखाली पुठ्ठ्यांवर गादी घातली होती तिथं बसल्या, पाय लांब केले. गुडघे पुरते सरळ होईनात. हळूहळू झाले.

"आता पाणी," नर्सबाई म्हणाल्या.

"संडास लांब आहे."

"चालायचंच आहे तुम्हाला."

"किती बोलता हो तुम्ही," सासूबाई म्हणाल्या, पण प्यायल्या.

मग नाड्या सोडल्या, बूट काढले आणि डोक्याशी ठेवले, टोकं दाराकडे. मी म्हणालो, "आई, घातलेलेच राहू द्या, त्यासाठीच तर..." सेत्सुयोनं माझ्या बाहीला धरून ओढलं. का ते कळलं नाही. सगळेच बूट काढून उशाशी ठेवत होते. मग मी एवढ्या चटया कशाला उचलल्या?

२१ नोव्हेंबर

सासूबाईंची पोटरी उतरलीय. नर्सबाईंनी टेप दोनदा लावून पाहिली, मग म्हणाल्या, "आज हरकत नाही. उद्या परत मोजते." धोका टळला असं त्या म्हणाल्या नाहीत. ते मला आवडलं. जमिनीबद्दल मीही असं म्हणत नाही.

वाहनतळावर आता चारदोनच गाड्या आहेत. एकीत मांजर आहे म्हणून, एकीत नवराबायको भांडलेत म्हणून.

दुपारी धक्का बसला. या आठवड्यातला सर्वांत मोठा. दिवे हेलकावले, भिंतीला लावलेल्या चटया घसरल्या, आणि सगळे सांधे एकदम ओरडले. मी दारात होतो. ताडकन उठून आत वळलो, हात वर केला, "मंडळी, घाबरू नका" म्हणायला तोंड उघडलं.

कुणी दाराकडे आलंच नव्हतं. माणसं उठून बसली होती, प्रत्येकाचा एक हात उशाशी, बुटांवर. घालत मात्र कुणीच नव्हतं. हिगाशिदा घसरणाऱ्या चटया दोन्ही हातांनी रेटून धरत होते आणि त्यांना शिव्या देत होते. सासूबाई पडल्या जागीच होत्या. छताकडे बघत होत्या.

हळूहळू सगळं थांबलं. सांधे जागेवर येताना पुन्हा एकदा लांब, खालच्या सुरात वाजले.

"कण्हतंय हो," त्या म्हणाल्या. "दमलंय बिचारं."

मला सांगायचं होतं की लाकूड दमत नाही, ते घर्षण आहे, ते तसंच ठरवलंय. जवळ जाऊन गुडघ्यांवर बसलो. "आई, त्याचं असं आहे..."

"तुम्हीपण दमलात. पडा जरा."

"बोल्ट आवळायचेत. पुढच्या धक्क्याच्या आत आवळायला हवेत."

"सेत्सुयो," त्या म्हणाल्या, "यांना पांघरूण दे."

तिनं दिलं. दोघींच्या मध्ये जागा होती. मी फक्त पाठ टेकणार होतो. फळ्या गार, कठीण आणि अगदी सपाट लागल्या. शेजारच्या भिंतीला लावलेल्या चटयांतून लव्हाळ्याचा वास येत होता. सेत्सुयोनं माझ्या नाड्या सोडल्या, मी पाय ओढून घेतला तर म्हणाली, "इथंच ठेवते, उशाशी. दिसतायत ना?"

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं आणि पाना माझ्या मुठीत होता. मधे आणखी एक धक्का येऊन गेला म्हणतात. मला कळलाच नाही.

आता बोल्ट आवळायला उठतो. आणखी थोड्या वेळानं.